अण्णांचा फोन आणि दादाचा लॅपटॉप

सुरुवातीलाच सांगतो, हे लिहायला अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, परवानगी दिलीय. अटी दोन घातल्या. नाव-गाव यायचं नाही, आणि कुठेही टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवायचं. वाचून दाखवलं. लाल पेनने दोन ठिकाणी खुणा केल्या, एक शुद्धलेखनाची होती (मी ‘परिस्थीती’ लिहिलं होतं), दुसरी जिथे येईल तिथे सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाकडून एवढ्यावर सुटलो हेच खूप.

मी वकील आहे, पण सातबारा, वाटप, बांधावरची भांडणं असला वकील, सायबरबियर माझं क्षेत्र नाही. मेहुण्याने सासऱ्यांच्या फोनवर गुपचूप पाळत ठेवली, त्या प्रकरणात मला ओढलं ते जावई म्हणून, वकिली नंतर कामाला आली. आणि जावयाची अडचण तुम्हाला माहितीय, सासरच्या भांडणात बोललं तरी वाईट, नाही बोललं तरी वाईट.

माणसं तीनच. अण्णा, वय ७१, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला एकटे राहतात, सासूबाई २०२१ ला गेल्या. दादा, म्हणजे माझा मेहुणा, पुण्यात वाकडला, आयटीत. आणि माझी बायको. चौथ्या एक बाई आहेत, त्यांचं पुढे.

जून २०२४ मध्ये अण्णांना मेसेज आला की मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, खालच्या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला. हा मेसेज कधीपासून फिरतोय, पेपरात दहा वेळा आलाय, अण्णांनी वाचलेला पण होता. पण त्या महिन्यात बिल खरंच भरायचं राहिलं होतं! फोनवरच्या माणसाने गोड बोलून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावलं, फक्त १० रुपये भरून बघा म्हणाला, आणि वीसेक मिनिटांत तीन टप्प्यांत १,८७,००० रुपये गेले.

आता यातली खरी गोची ऐका. १९३० ही सायबर हेल्पलाइन आहे, तिथे जितक्या लवकर फोन जाईल तितके पुढच्या खात्यातले पैसे गोठवायची शक्यता जास्त, पहिले काही तासच महत्त्वाचे. अण्णांनी फोन केला दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्रभर कुणाला सांगितलंच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना गणित शिकवलं आणि आपलं गणित असं चुकलं, कुठल्या तोंडाने सांगू, असं नंतर माझ्या बायकोपाशी बोलले. ४१,००० तेवढे गोठवलेले सापडले, बाकीचे गेले. म्हणजे पैसे गेले ॲपमुळे, पण अडले असते ते अडले नाहीत लाजेमुळे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे दादाने जे केलं त्याने ॲपचा प्रश्न सुटला नाहीच, लाजेचा मात्र वाढला.

दादा त्या सप्टेंबरात गणपतीला आला. मनातून घाबरलेला होता, ते मी नाकारत नाही, बाप गावाला एकटा, खात्यात रिटायरमेंटचे पैसे, फोनवर रोज कुणीतरी लुबाडायला बसलेलं. दुपारी अण्णा आरतीचं ताट घेऊन शेजारी गेले तेव्हा त्याने त्यांचा फोन घेतला. पिन त्यानेच सेट करून दिलेला, आईचं जन्मसाल. पहिल्यांदा व्हॉट्सॲप आपल्या लॅपटॉपला लिंक केलं. मग एका वेबसाइटवरून एसेमेस फॉरवर्ड करणारं ॲप उतरवलं, फोनने चेतावणी दिली की हे ॲप हानिकारक असू शकतं, त्याने तरीही इन्स्टॉल करा दाबलं आणि आयकॉन लपवला. तेव्हापासून अण्णांना येणारा प्रत्येक एसेमेस, बँकेचा, गॅसचा, ओटीपी सकट, दादाच्या ईमेलवर. आयटीतल्या माणसाला हे सुचू नये याचं मला अजून नवल वाटतं, की चोराने बापाच्या फोनमध्ये बाहेरचं ॲप घातलं म्हणून आपण त्याच फोनमध्ये अजून एक बाहेरचं ॲप घातलं. ते ओटीपी मधे कुठल्या सर्व्हरवरून जात होते देव जाणे.

वर बँकेची बाजू वेगळीच. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तेव्हा लागू होतं, त्यात ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्याने पैसे काढले आणि ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. त्या सात महिन्यांत काही झालं असतं आणि फोनमध्ये ओटीपी बाहेर पाठवणारं ॲप सापडलं असतं तर बँकेने काय म्हटलं असतं ते सांगायला वकील लागत नाही, आणि अण्णांना तर ते ॲप आहे हेच माहीत नव्हतं.

बरं, सात महिन्यांत दादाला दिसलं काय? फसवणूक एकही नाही. दिसल्या त्या दोन गोष्टी.

एक, बाईंचे मेसेज. बाई म्हणजे अण्णांच्या शाळेत होत्या त्या, निवृत्त, त्यांचेही यजमान गेलेत. इथे मी आधी ‘मैत्रीण’ लिहिलं होतं, तिथे लाल खूण आली आणि वर ‘सहकारी’ लिहिलं गेलं, ही ती दुसरी दुरुस्ती. सकाळी सुविचार, अभंगांची रेकॉर्डिंग, गुडघ्याचं तेल कुठलं चांगलं, आणि एकदा दोघांनी गोंदवल्याला जायचं ठरवलं त्यावर पंधरा-वीस मेसेज. मी ते वाचलेले नाहीत, दादाने सांगितले, आणि त्याने सांगितल्यावर मला पण कळले म्हणजे मी तरी कुठला साव. एक मेसेज असा होता म्हणे की एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ६५ च्या पुढच्यांनाही अर्धं, म्हणजे आपण दोघं मिळून एका तिकिटात जाऊन येतो. यात काय आहे सांगा. पण दादाने ते वहिनींना दाखवलं, वहिनींनी माझ्या बायकोला फोन केला, आणि अण्णा गोंदवल्याहून यायच्या आत घरातल्या पाच माणसांनी त्यावर मत देऊन झालं होतं. प्रॉपर्टीचा विषय पण निघाला, निघणारच.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. अण्णांचा एक जुना विद्यार्थी, आता रिक्षा चालवतो, त्याच्या मुलाचं इंजिनीअरिंगचं होस्टेल. ऑक्टोबरात अण्णांनी त्या मुलाला २५,००० पाठवले. बँकेचा मेसेज दादाच्या ईमेलवर गेला, त्याचे हातपाय गळाले, लगेच व्हॉट्सॲपमध्ये शोधलं तर अनोळखी नंबर, आदल्या दिवशीचा मेसेज, ‘सर तुम्ही पाठवताय ना, उद्या शेवटची तारीख आहे’. तुम्हीच सांगा, हा मेसेज नुसता वाचला तर काय वाटेल? दादाने थेट त्या पोराला फोन लावला आणि झापला, एका तासात पैसे परत कर नाहीतर सायबरला नंबर देतो. त्या पोराने अर्ध्या तासात परत केले. शब्द न बोलता. अण्णांना कळेना पैसे परत का आले, फोन केला तर पोरगं म्हणालं व्यवस्था झाली सर. दिवाळीला दरवर्षी येणारा त्याचा बाप त्या वर्षी फराळाला आलाच नाही. अण्णा सहा महिने विचार करत राहिले की आपण देताना काही लागेल असं बोललो का.

सापडलं कसं तर अगदी साधं. एप्रिल २०२५ मध्ये शेजारचा नववीतला पोरगा अण्णांना नवीन फोनवर गप्पा कशा हलवायच्या ते दाखवत होता (दादाने दिलेल्या फोनची बॅटरी टिकत नव्हती, आता त्याचं कारण पण कळलं म्हणा), त्याने व्हॉट्सॲपमध्ये लिंक केलेल्या डिव्हाइसची यादी उघडली आणि विचारलं, आजोबा तुमच्याकडे लॅपटॉप आहे का? यादीत एक लॅपटॉप, खाली शेवटचं सक्रिय, आज ११.४२. अण्णांनी पोराला चहा-बिस्कीट दिलं, घरी पाठवलं आणि दोनशेपानी वही काढली.

ती वही मी पाहिलीय. पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेत, तारीख, मी पाहिल्याची वेळ, शेवटचं सक्रिय, शेरा. नऊ दिवस, दिवसातून चार वेळा नोंद. ‘दि. १७, सकाळी ७.१०, काल रात्री ११.५५, शेरा : मी झोपल्यावर’. ‘दि. २१, दुपारी १.३०, आज १.०८, शेरा : जेवणाची सुट्टी असावी’. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच त्यांना कळलं होतं कोण आहे ते, कारण शनिवारी-रविवारी सकाळी दहाच्या आत एकदाही सक्रिय नाही, आणि सुट्टीला उशिरापर्यंत झोपणारा घरात एकच. तरी नऊ दिवस नोंद चालू. का म्हणून विचारलं तर म्हणाले, आरोप करायचा तर हजेरीपट पूर्ण पाहिजे.

मग मे महिन्यात सगळ्यांना बोलावलं. कारण सांगितलं आंबे. आम्ही पोचलो, दादा-वहिनी आले, रस-पोळी झाली, आणि पानसुपारीच्या जागी वही आली.

दादा पहिल्यांदा नाही म्हणाला, मग हो म्हणाला, मग चिडला. तुमच्या भल्यासाठीच केलं ना अण्णा, पावणेदोन लाख गेले तेव्हा कोण धावपळ करत होतं, उद्या सगळं गेलं तर कुठे बघायचं मी. हे सगळं खरं होतं आणि तो बोलताना रडायला आलेला. अण्णांचा आवाज चढला नाही. म्हणाले, “शाळेत मी पण पोरांच्या दप्तराची झडती घ्यायचो. पण त्यांना समोर उभं करून घ्यायचो. पोरं मधल्या सुट्टीत बाहेर गेल्यावर दप्तरं उघडणाऱ्या मास्तरला आम्ही काय म्हणायचो तुला माहितीय का?” काय म्हणायचे ते सांगितलं नाही.

होस्टेलच्या पोराचं तिथेच बाहेर आलं. तेव्हा मात्र अण्णा उठून आत गेले आणि अर्धा तास आलेच नाहीत.

त्या अर्ध्या तासात दादाने मला विचारलं, हे बेकायदेशीर आहे का रे? मी तेव्हा अर्धवटच उत्तर दिलं, नंतर नीट बसून वाचलं, ते सांगतो.

त्याचा पहिला मुद्दा, फोन मी घेऊन दिलाय, बिल माझ्या नावावर, सिम माझ्या फॅमिली प्लॅनमधलं, म्हणजे मालक मीच. घराघरात हाच मुद्दा असतो, बायकोच्या फोनबद्दल तर हमखास. पण फोन त्याने अण्णांच्या सत्तरीला भेट दिलेला, पेढ्याबरोबर हातात ठेवलेला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूचं दान नुसतं ताब्यात दिलं की पूर्ण होतं, रजिस्ट्रेशन लागत नाही. इथे माझी सातबाऱ्याची वकिली उपयोगी पडली. फोन अण्णांचा. आणि सिम दादाच्या नावावर असल्याने बिल त्याला येतं, त्यावर आलेली पत्रं त्याची होत नाहीत.

आता माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चा. कलम ४३ म्हणतं की मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याच्या परवानगीशिवाय त्यात शिरलात, त्यातली माहिती उतरवून घेतली, तर भरपाई द्यावी लागेल. मोबाइल पण यात बसतो. दादाची दोन्ही कामं सरळ यात येतात, आणि यात हेतू विचारलेलाच नाही, काळजीने केलं काय आणि खोडसाळपणे केलं काय. ही तक्रार पोलीस चौकीत नसते, राज्याच्या आयटी सचिवांपुढे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून चालते. हेतू येतो कलम ६६ मध्ये, तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या उद्देशाने केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अप्रामाणिक म्हणजे कुणाचा तरी गैरमार्गाने फायदा किंवा तोटा करायचा हेतू. माझ्या मते दादावर हे टिकलं नसतं. पण प्रॉपर्टीची चर्चा झालीच होती ना घरात, आणि उद्या कुणी म्हटलं की मुलगा इस्टेटीवर डोळा ठेवून बापाचे मेसेज वाचत होता, तर काळजी होती हे कुठल्या कागदावर दाखवणार? परवानगी घेतली असती तर तोच कागद झाला असता.

बाईंचा विचार तर कुणीच केला नव्हता. फोन एकाचा असला तरी त्यातल्या गप्पा दोघांच्या असतात, आणि बाईंनी अण्णांना लिहिलं होतं, दादाला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाच्या गुन्ह्यात पुरुषाने एखाद्या महिलेच्या इंटरनेट, ईमेल वगैरे वापरावर नजर ठेवणं पण येतं. नवऱ्याने बायकोच्या फोनमध्ये असलं ॲप टाकलं तर हे कलम समोर उभंच आहे, नवरा म्हणून सूट लिहिलेली नाही. आमच्या प्रकरणात ते लावणं ताणल्यासारखं झालं असतं, कारण नजर अण्णांच्या फोनवर होती. पण बाईंच्या मुलाला हे कळलं असतं आणि तो तक्रार घेऊन गेला असता तर निदान चौकीच्या बाकड्यावर बसायची वेळ आली असती. दादा हे ऐकून गप्प झाला. नवीन डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा, त्याचा मात्र इथे उपयोग नाही, खासगी किंवा घरगुती कारणासाठी माणसाने वापरलेली माहिती त्यातून वगळलीय.

हे सगळं मिटत आलं होतं तेवढ्यात जुलैत दादाने मला एक बातमी फॉरवर्ड केली, खाली लिहिलं होतं, बघा, सुप्रीम कोर्ट पण म्हणतंय चालतं. १४ जुलै २०२५ चा निकाल, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि सतीश चंद्र शर्मा यांचा. भटिंड्याचं घटस्फोटाचं प्रकरण, नवऱ्याने बायकोशी झालेलं बोलणं तिला न सांगता रेकॉर्ड केलेलं, फॅमिली कोर्टाने २०२० ला ते पुरावा म्हणून घेतलं, पंजाब-हरियाणा हायकोर्टाने २०२१ ला खासगीपणाचा भंग म्हणून बाहेर काढलं, सुप्रीम कोर्टाने परत आत घेतलं. त्या आठवड्यात ग्रुपवर सगळीकडे हेच फिरत होतं, आता बायकोचा फोन टॅप करा बिनधास्त.

निकाल तसं म्हणत नाही हो. एक तर नवरा त्या फोनवर स्वतः बोलत होता, स्वतःचंच संभाषण त्याने रेकॉर्ड केलं, दुसऱ्या दोघांचं नाही. दुसरं, कोर्टापुढचा प्रश्न पुरावा घ्यायचा की नाही एवढाच होता, नवरा-बायकोतल्या बोलण्याला जुन्या पुराव्याच्या कायद्यात कलम १२२ चं जे संरक्षण होतं ते त्यांच्या आपसातल्या खटल्यात लागत नाही असं कोर्ट म्हणालं. चुकीच्या मार्गाने आलेला पुरावा पण कोर्ट बघू शकतं हे तर मुंबईच्या कोरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) खटल्यापासून, १९७२ पासून, चालत आलंय. पुरावा आत आला म्हणून तो मिळवायची रीत धुऊन निघत नाही. आणि पाळत ठेवायला प्रोत्साहन मिळेल या मुद्द्यावर कोर्टाने जे म्हटलं ते फॉरवर्ड करणाऱ्यांनी वाचलेलंच नसतं, की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायच्या थराला आले असतील तर ते नातं मोडल्याचंच लक्षण आहे. दादाला मी एवढाच भाग मराठीत करून पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही आलं.

त्याच्या आधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने बरोबर उलट भूमिका घेतली होती, नवऱ्याने चोरून मिळवलेलं बायकोचं कॉल रेकॉर्ड पुराव्यात घ्यायला नकार दिला. म्हणजे हा वाद न्यायाधीशांमध्येही होता. खासगीपणा हा मूलभूत हक्क हे मात्र २४ ऑगस्ट २०१७ ला ९ न्यायमूर्तींनी एकमताने ठरवलंय, तिथे दुमत नाही.

कायद्यापेक्षा मला दुसरंच बोचतं, या पाळतीचा उपयोग शून्य झाला. फेब्रुवारीत अण्णांना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला होता, पोलिसाच्या वेषातला माणूस, तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, डिजिटल अरेस्ट. कायद्यात असला प्रकारच नाही. अण्णांनी त्याला विचारलं, तुमचा बकल नंबर सांगा, आणि फोन ठेवला. दादाला याचा पत्ता पण नव्हता, तो मीटिंगमध्ये होता आणि मेसेज वाचायची सोय केलेल्या लॅपटॉपवर असल्या कॉलमधलं बोलणं थोडंच ऐकू येतं. जे खरं संकट होतं ते दिसलं नाही, आणि जे दिसलं ते संकट नव्हतं. गूगलच्या प्ले स्टोअरचे नियम पण बघा, पाळतीची ॲप चालतात ती फक्त आईबापांनी आपल्या मुलांसाठी किंवा कंपनीने आपल्या फोनसाठी, बाकी मोठ्या माणसावर, जोडीदारावर, त्याच्या संमतीने सुद्धा नाही. म्हणून तर दादाला वेबसाइटवरून उतरवावं लागलं.

लहान मुलांचं वेगळं आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल. आणि अण्णांना उद्या विसरायचा आजार झाला असता, स्मृतिभ्रंश वगैरे, तर माझं मत बदललं असतं, तिथे डॉक्टरचं म्हणणं घ्यायचं, गरज पडली तर हायकोर्टाकडून पालक नेमून घ्यायचा. पण एकदा फसला म्हणजे माणसाची अक्कल गेली असं धरायचं का? मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये उपचारांच्या बाबतीत छान तरतूद आहे, की माणसाचा निर्णय दुसऱ्यांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं म्हणता येत नाही. मनोरुग्णाला जी मुभा आहे ती मास्तरला नको का? आणि पावणेदोन लाखाला तर पुण्यातले इंजिनीअर पण फसतात, दादाच्याच ऑफिसातला एक शेअर ट्रेडिंगच्या ग्रुपमध्ये ११ लाख घालवून बसलाय, त्याचा फोन कोण बघतंय?

मे मधल्या त्या दिवशी अण्णा बाहेर आले ते तोंड धुऊन. आधी दादाने स्वतःच्या हाताने दोन्ही गोष्टी काढल्या, अण्णांनी वहीत शेवटची ओळ लिहिली, ‘लॅपटॉप हटवला, दु. ३.२०, सर्वांसमक्ष’. मग पैशाचं बोलणं झालं, आणि नवल म्हणजे अण्णांनीच जास्त सुचवलं. पेन्शनच्या खात्यावरून यूपीआय आणि नेटबँकिंग बंद, त्यातले बरेचसे मुदत ठेवीत. रोजच्या दूध-भाजीला दुसऱ्या बँकेत वेगळं खातं, त्यात १५,००० च्या वर ठेवायचे नाहीत, फोनवर तेवढंच. म्हणजे कुणी सगळा फोन जरी ताब्यात घेतला तरी हाताला लागणार किती. दादा म्हणाला यूपीआय सर्कल करू, माझ्या खात्यातून तुम्ही पैसे द्या, लिमिट मी लावतो. “म्हणजे मी दूध घेऊ का म्हणून तुला विचारू?” विषय तिथेच संपला.

दहा हजाराच्या वर कुणाला द्यायचे असतील तर आधी माझ्या बायकोला फोन करायचा, हे अण्णांनी स्वतः कबूल केलं. परवानगीसाठी नाही, नुसतं मोठ्याने बोलायला, मोठ्याने बोललं की चूक ऐकू येते म्हणाले. आणि बदल्यात अट घातली की फसलो असं सांगितलं तर कुणी पहिली दहा मिनिटं एक शब्द बोलायचा नाही, आधी १९३० लावायचा. मला विचाराल तर सगळ्यात कामाचं कलम हेच.

दादा दुसऱ्या रविवारी त्या रिक्षावाल्याच्या घरी जाऊन आला. एकटा गेला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्यानंतरच्या दिवाळीला तो माणूस फराळाला आला, मुलगा नाही आला.

राहिला फोनचा पिन. दादाचं म्हणणं पडलं की रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर फोन उघडता यायला हवा, हे अण्णांना पटलं. त्यांनी पिन बदलला, कागदावर लिहिला, लिफाफ्यात घातला, आणि बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेच्या पाकिटावर करतात तशी जोडावर आडवी सही केली, वर चिकटपट्टी. लिफाफा कपाटात, सासूबाईंच्या फोटोमागे. कुठे आहे ते सगळ्यांना माहीत.

जानेवारीत अण्णा अंगणात पाय घसरून पडले, खुब्याला लागलं, रात्री साताऱ्याला आणलं. पॉलिसीचं कार्ड फोनमध्ये होतं आणि ते गुंगीत. दादा पुण्याहून निघून थेट गावाच्या घरी गेला, लिफाफा आणला, पण स्वतः उघडला नाही, माझ्या बायकोच्या हातात दिला, तू फोड म्हणाला. तिने फोडला, कार्डाचा फोटो काउंटरवर दाखवला, फोन बंद करून पिशवीत ठेवला.

दहाव्या दिवशी घरी आल्यावर अण्णांनी पहिल्यांदा चहा मागितला आणि मग वही. पडल्या पडल्याच नवीन पिन ठेवला, नवीन लिफाफा केला, सही केली, आणि वहीत रकाना पाडून लिहिलं, ‘पाकीट क्र. १ उघडले. कोणी : मुलगी. साक्षीदार : मुलगा. कारण : योग्य.’